ऊद तेलातला धुराचा वास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला राजवाड्याच्या आसपास अत्तराच्या दुकानात कोणी ऊद मागायला आलं की दोन मिनिटांत एक शब्द कानावर पडतोच : ‘स्मोकी’. स्मोकी हवं, जास्त स्मोकी हवं, मागच्या वेळचं तेवढं स्मोकी नव्हतं. मी गेली बारा वर्षं ही तेलं थेंबाथेंबानं विकत घेते, हुंगते आणि वहीत टिपून ठेवते. रामबागेतले शेजारी, नात्यातली मुलं, गणेशोत्सवात भेटणारी मंडळी मला याबद्दल सतत विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगते : धुराचा वास आला म्हणजे तेल अस्सल, हा समज मनातून काढून टाका. लोकांचे सर्वांत जास्त पैसे याच समजापायी बुडतात, माझेही बुडाले आहेत.

ऊद म्हणजे आपल्या घरी धुरीत घालतात तोच ना?

बहुतेक वेळा नाही. घोटाळा इथूनच सुरू होतो. मराठी घरात ‘ऊद घाल’ म्हटलं की निखाऱ्यावर जे पांढरट-तपकिरी खडे पडतात तो लोबानाच्या जातीचा डिंक असतो. त्याचा धूर दाट, गोडसर, थोडा व्हॅनिलासारखा. अरबी भाषेत मात्र ‘ऊद’ म्हणजे लाकूड, आणि अत्तराच्या व्यापारात हा शब्द अगरूच्या लाकडासाठी वापरतात. आपण त्याला अगर, अगरू, कृष्णागरू म्हणतो.

गंमत अशी की आपल्या रोजच्या बोलण्यात दोन्ही नावं टिकून आहेत. ‘उदबत्ती’त ऊद आहे, ‘अगरबत्ती’त अगर आहे. देवापुढच्या आजच्या काडीत मात्र सहसा दोन्हींपैकी काहीच नसतं. आमच्या आजीच्या तोंडी फक्त उदबत्ती हाच शब्द होता. शेजारच्या हिंदी घरात अगरबत्ती म्हणत. त्या दोन नावांमागे दोन वेगळे पदार्थ आहेत, हे मला पहिल्यांदा अगरूचा तुकडा हातात आला तेव्हा कळलं.

म्हणून लहानपणीच्या धुरीचा वास मनात धरून ऊद तेल घ्यायला जाऊ नका. तो वास लोबानाचा आहे, तेलात तो सापडणार नाही. सापडलाच तर कोणीतरी तो मुद्दाम घातलेला असेल.

मग हे लाकूड नेमकं कशाचं?

अ‍ॅक्विलॅरिया जातीच्या झाडाचं. आसामात आणि ईशान्य भारतात अ‍ॅक्विलॅरिया मॅलाकेन्सिस होतं, कंबोडिया-व्हिएतनामकडे क्रासना. निरोगी झाडाचं लाकूड पांढरं, हलकं आणि जवळजवळ बिनवासाचं असतं. झाडाला जखम झाली, किडीनं खोड पोखरलं, त्या वाटेनं बुरशी आत शिरली, की झाड स्वतःला वाचवायला गडद राळ तयार करतं. ही राळ वर्षानुवर्षं लाकडात मुरते. वास तिचाच.

अमरकोशात अगरूला ‘कृमिज’ असंही एक नाव आहे, म्हणजे किड्यापासून झालेलं. आसामातल्या झाडांत एका पतंगाची अळी खोडात बोगदे पाडते आणि त्या बोगद्यांभोवतीच काळी राळ धरते, हे लक्षात घेतलं की त्या नावामागचं निरीक्षण केवढं बारीक होतं ते समजतं. त्याच ओळीत त्याला ‘लोह’ही म्हटलं आहे. राळेनं गच्च भरलेला तुकडा पाण्यात टाकला की तळाला जातो. साध्या पांढऱ्या लाकडाचा तुकडा वर तरंगत राहतो.

तेल तर पाण्यात उकळून काढतात. काहीच जळत नाही, मग धुराचा वास येतो कुठून?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तेल कसं निघतं ते पाहू. लाकडाचे तुकडे करून त्याची भरड भुकटी करतात. ती पाण्यात भिजत घालतात, काही ठिकाणी थोडे दिवस, काही ठिकाणी कित्येक आठवडे. मग ते सगळं भांड्यात भरून दिवसचे दिवस उकळतात. वाफ नळीतून थंड पाण्यात जाते, तिचं पाणी होतं आणि वर तेलाचा पातळ थर जमतो. पाणी उकळतं १०० अंशांना. तेवढ्या उष्णतेत लाकूड जळत नाही. म्हणजे नीट काढलेल्या तेलात, आपण चुलीच्या धुराला धूर म्हणतो तसा धूर यायचं कारणच नाही.

तरी येतो. माझ्या हिशेबानं त्याच्या चार वाटा आहेत.

पहिली वाट राळेची स्वतःची. अगरूच्या राळेत जड, सावकाश उडणारी द्रव्यं असतात, त्यांत सेस्क्विटर्पीन हा मोठा गट. त्यांचा वास लाकूड, चामडं, जुनी पेटी, तंबाखू यांच्या आसपास फिरतो. आपलं नाक या सगळ्याला मिळून ‘धुरकट’ म्हणतं, कारण दुसरा शब्द पटकन सापडत नाही. हा धूर कोरडा आणि मागे राहणारा असतो. लग्नात एकदाच नेसून ट्रंकेत ठेवलेल्या रेशमी साडीची घडी उलगडल्यावर जो वास येतो, त्याला धूर म्हणता येईल तर हाही धूर.

दुसरी वाट भट्टीची. भांड्याखाली लाकडाचा जाळ असतो. भुकटी तळाशी बसते, आच वाढली की तिथे लागते. आपल्याकडे खीर खाली लागली की अख्ख्या पातेल्याला तो वास लागतो, वरची खीर पांढरीशुभ्र असली तरी. इथेही तेच घडतं. लाकडातला लिग्निन नावाचा घटक करपला की ग्वायकॉल आणि त्याची भावंडं तयार होतात. धुरावर सुकवलेल्या पदार्थांचा वास ज्यांच्यामुळे येतो, ती हीच. वाफेबरोबर ती वर येतात आणि तेलात उतरतात. काही जुने कारागीर भुकटी अशी अगदी थोडी, मोजून लागू देतात, आणि काही गिऱ्हाइकांना तोच वास आवडतो. नुसता निष्काळजीपणा झाला तर तेल करपट लागतं.

तिसरी वाट भिजवण्याची. खूप दिवस भिजलेलं लाकूड आंबतं. त्यातून आंबूस, चामड्याचे, गुरांच्या गोठ्यासारखे वास येतात. हे काही धूर नव्हे. पण धुराशेजारी बसले की ते त्याला गडद करतात. आसामी पद्धतीच्या तेलांत गोठा आणि धूर इतके मिसळलेले असतात की नवख्या नाकाला ते एकच वाटतं.

चौथी वाट बाहेरची. बर्चच्या सालीचं डांबर, जुनिपरच्या लाकडाचं डांबर, नागरमोथ्याचं तेल, चोया (मडक्यात राळ वगैरे जाळून गोळा केलेला धुराचा अर्क), किंवा सरळ कारखान्यात बनवलेली द्रव्यं घालून धूर उभा करतात. बाजारात ‘स्मोकी ऊद’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक कुप्यांमधला धूर या वाटेनं आलेला असतो.

नाकानं हे वेगळं कसं ओळखायचं?

घाई करायची नाही, एवढंच.

जाड पांढऱ्या कागदाची बोटभर लांब पट्टी घ्या, टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं तेल लावा. पहिली दहा मिनिटं काही ठरवूच नका. नंतर अर्ध्या तासानं, तीन तासांनी, झोपताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीनंतर, चहाच्या आधी हुंगा. दर वेळी दोन शब्द लिहा. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे : ‘पहिला वास गोठा आणि ओली गोणी. तासाभरानं चामडं. रात्री मनुका, त्यामागे विझलेली चूल. सकाळी फक्त लाकूड, गोड.’ हे तेल आसामचं होतं आणि चांगलं होतं. धूर आला, पण उशिरा आला, मागून आला आणि पट्टीवर दुसऱ्या दिवशीपर्यंत रूप बदलत राहिला.

घातलेला धूर बहुतेकदा आधी येतो. कुपी उघडताच तो नाकावर येतो आणि तासाभरानं एकतर अचानक संपतो किंवा जसाच्या तसा, न बदलता अडून राहतो. बर्चच्या डांबराचा वास ओळखायचा असेल तर उन्हाळ्यात नव्यानं डांबर टाकलेला रस्ता आठवा आणि त्यात नवं चामडं मिसळा. करपलेल्या भट्टीचा धूर कडवट असतो, घशात मागे जाणवतो. भरताचं वांगं निखाऱ्यावर नीट भाजलं तर हवासा वास येतो आणि साल जळून कोळसा झाली की नकोसा. चांगल्या आणि वाईट धुरात इतकंच अंतर आहे. जिनं आयुष्यभर भरीत केलंय तिला ते शिकवावं लागत नाही. माझ्या सासूबाई अत्तर लावत नाहीत, पण तीन पट्ट्या पुढे ठेवल्या तर करपलेली त्यांनी बिनचूक काढून दाखवली.

पहिल्याच वर्षी मी एका दुकानातून अर्धा तोळा ‘खास धुरवाला’ ऊद घेतला होता. दुकानात अंगावर काटा आला इतका आवडला. घरी येऊन पट्टी केली, तर रात्री जळालेल्या रबरासारखा वास आणि सकाळी काहीच नाही, कोरा कागद. दुकानात मी तो जेमतेम पाच मिनिटं हुंगला होता, तेही आसपास पन्नास अत्तरं उघडी असताना. पुढे दुसऱ्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्यानं मला दुकानात हुंगूच दिलं नाही. कानात फाया ठेवला आणि म्हणाला, “बेटा, पहले बाहर एक चक्कर लगाकर आओ, फिर बताना.” मी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत चालत गेले आणि परतले. त्या वीस मिनिटांत तेल तीनदा बदललं. तेव्हापासून मी दुकानात कधीच निर्णय घेत नाही.

माझ्या तेलाला धूर नाही, गोठ्याचा वास येतो. फसवणूक झाली का?

उलट तेल खरं असण्याची शक्यता जास्त आहे. आसामी तेलाची ती ओळखच आहे आणि आखाती देशांत पुष्कळ जण नेमकं तेच मागतात. कुपी वर्षभर बंद अंधारात ठेवा, गोठा बराच निवतो. पहिल्या दिवशी नाक मुरडून कुपी कोणाला देऊन टाकू नका. माझ्या एका मावसबहिणीनं दिली आणि आता ती पस्तावते आहे.

आसाम, कंबोडिया, बोर्निओ : कुठल्या तेलात धूर जास्त?

ढोबळ मानानं आसाम आणि त्याला लागून असलेल्या बांगलादेशातल्या सिल्हेटचं तेल सर्वांत गडद, चामड्याचं, धुराचं. कंबोडियाचं गोड, पिकल्या फळाकडे झुकणारं. बोर्निओचं हलकं, थोडं कापराकडे जाणारं.

पण या यादीवर फार विसंबू नका. भिजवण किती दिवसांची, भांडं तांब्याचं की स्टीलचं, आच लाकडाची की वाफेच्या बॉयलरची, यानं एकाच बागेतल्या लाकडाची दोन तेलं ओळखू न येण्याइतकी वेगळी होतात. आजकाल कुपीवर देशाचं नाव म्हणजे पुष्कळदा वासाच्या धाटणीचं नाव असतं. ‘कंबोडी’ लिहिलेलं तेल कंबोडियात पिकलेलं असेलच असं नाही. आसामात हे काम मुख्यतः होजाईच्या परिसरात चालतं. गोलाघाट, जोरहाटकडे लोक घराच्या परसात सुपारीच्या रांगेत अगरूची झाडं लावतात. आपल्याकडे परसात शेवगा असावा तितकं ते तिथे सहज आहे.

लाकूड जाळल्यावरचा धूर आणि तेलातला धूर एकच का?

नाही, आणि या फरकामुळे लोकांचा हिरमोड होतो.

राळेत क्रोमोन नावाच्या द्रव्यांचा मोठा वाटा असतो. ती जड असतात, वाफेबरोबर फारशी वर येत नाहीत, म्हणून तेलात जवळजवळ उतरतच नाहीत. लाकूड तापवलं की मात्र ती तुटतात आणि त्यातून गोड, बदाम-व्हॅनिलाकडे जाणारे वास सुटतात. म्हणून तापवलेल्या अगरूचा धूर मधाळ असतो आणि त्याच लाकडाचं तेल कोरडं, गडद. एखाद्या आखाती लग्नात धूपदाणीतला ऊद हुंगून तोच वास कुपीत शोधणाऱ्याला तो कुपीत मिळणार नाही.

लाकूड तापवायचंही एक तंत्र आहे. लाल निखाऱ्यावर तुकडा टाकला तर दोन मिनिटांत भपकन धूर होतो आणि नंतर नुसता जळक्या लाकडाचा वास. निखाऱ्यावर राखेचा थर चढू द्या, वर अभ्रकाची पातळ चकती ठेवा आणि तिच्यावर नखाएवढा तुकडा. धूर दिसेनासा झाला तरी वास चालू राहिला, की आच बरोबर आहे. जपानी लोक हेच अभ्रकाची चकती वापरून शतकानुशतकं करत आले आहेत आणि वास ‘हुंगणं’ न म्हणता वास ‘ऐकणं’ म्हणतात. मला तो शब्द फार आवडतो. पहिल्यांदा राखेवरच्या तुकड्याशी अशी बसले तेव्हा मीसुद्धा नकळत डोळे मिटून कान दिल्यासारखी मान वाकडी केली होती.

कागदावर डाग, पाण्यात थेंब, काडीनं पेटवणं : या परीक्षा खऱ्या का?

फार थोड्या उपयोगाच्या. कागदावर तेलकट डाग दिवसेंदिवस तसाच राहिला, वास मात्र गेला, तर आत खाद्यतेल किंवा बिनवासाचं पातळ करणारं द्रव्य असण्याची शंका घ्यावी, एवढं खरं. पण खरं ऊद तेलही रंगाचा डाग ठेवतंच. पाण्यात थेंब तरंगणं, बोटांवर चिकट लागणं, थंडीत घट्ट होणं, हे सगळं नकली तेलालाही जमवता येतं. पेटवून पाहू तर अजिबात नका. खात्रीची परीक्षा प्रयोगशाळेतली, तेलातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीची. घरच्या घरी कागदाची पट्टी आणि चोवीस तास, याच्यापुढे काही नाही.

नागरमोथा किंवा चोया घातला म्हणजे भेसळ?

सांगून घातला तर कला, लपवून घातला तर भेसळ. हे माझं ठाम मत आहे.

नागरमोथा तुम्हाला माहीत आहे. दिवाळीच्या उटण्यात जो मातकट, किंचित धुरकट वास असतो त्यात त्याचा हात असतो. आपल्या मध्य प्रदेशातल्या जंगलांतून त्याच्या मुळ्या गोळा होतात आणि त्यांचं तेल जगभर ऊदाची छटा उभी करायला वापरतात. परदेशी बाटलीवर मोठ्या अक्षरांत ऊद लिहिलेलं असतं आणि आत गंध पसरवत असतो नागरमोथा, असं बरेचदा घडतं. उटण्याचा डबा उघडून हुंगा, मग ती बाटली हुंगा, नातं लगेच लक्षात येईल.

चोया ही अस्सल हिंदुस्थानी करामत आहे. मातीच्या मडक्यात लोबान, सालवृक्षाची राळ किंवा समुद्रातली नखला (एक प्रकारचे शिंपले) भरून पाण्याशिवाय कोरडी आच देतात. पदार्थ जळतो, त्याचा धूर थंड होऊन थेंब थेंब गोळा होतो. म्हणजे खऱ्या अर्थानं कुपीत धरलेला धूर. चोया राळ चामड्यासारखी, चोया नख समुद्राची आणि जळक्या शिंपल्याची, चोया लोबान धुरीच्या अगदी जवळची. कनौजचे कारागीर शमामा, हिना अशा मसालेदार अत्तरांत ती थेंबानं घालतात. कनौजचा चांगला शमामा अंगावर असेल तर मला ऊदाची आठवणही येत नाही. धुराची ओढ असलेल्या, पण ऊदाची किंमत न परवडणाऱ्या माणसानं खोट्या ऊदामागे लागू नये. सरळ शमामा घ्यावा.

डांबराची मात्र काळजी घ्या. बर्चचं किंवा जुनिपरचं कच्चं डांबर त्वचेला घातक असतं, त्यात कर्करोगाशी संबंध असलेली द्रव्यं असतात. सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार फक्त शुद्ध केलेलं, तेही अत्यल्प प्रमाणात चालतं. गल्लीतल्या कुपीत कुठलं आहे हे कळायला मार्ग नाही. कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून एक दिवस थांबा. खाज किंवा लाली आली तर त्याचा वापर करू नका.

एवढं महाग का?

रोग लागलेलं झाड हवं, राळ मुरायला वर्षं हवीत, आणि ढीगभर भुकटीतून जेमतेम तेल निघतं. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. चांगल्या तेलाच्या तोळ्याला हजारोंनी रुपये पडतात, उत्तमाचा भाव त्याच्याही पुष्कळ वर जातो. शे-दोनशे रुपयांत ‘शुद्ध ऊद’ मिळत असेल तर ते ऊद नाही, याबद्दल पट्टी करायचीही गरज नाही. पाव तोळ्याहून कमी घ्या, पण खरं घ्या. तेवढं दोन वर्षं पुरतं.

उन्हाळ्यात लावावं का? आणि लावायचं कुठे?

इंदुरात मे महिन्याच्या दुपारी ४० अंशांच्या पुढे पारा जातो. तेव्हा धुराचं तेल लावून सिटी बसमध्ये चढू नका. उष्णतेनं जड वास एकदम वर येतात आणि शेजारच्याला डोकेदुखी होते. माळव्याच्या रात्री मात्र ऊदासाठीच आहेत. सूर्य कलला की हवा हलकी होते, आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात फिरताना तुपाच्या, जिलबीच्या, गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) वासांतूनही मनगटावरचा कोरडा धूर वेगळा जाणवतो. डिसेंबर-जानेवारीत तर त्याला तोड नाही.

लावायची जुनी रीत सर्वांत चांगली : कापसाचा मुगाएवढा फाया, त्यावर अर्धा थेंब, आणि तो कानाच्या वरच्या घडीत. त्वचेशी फारसा संबंध येत नाही, वास दिवसभर मंद राहतो. मनगटं एकमेकांवर घासू नका.

कपड्यावर पडलं तर?

डाग जात नाही. माझ्या मोतिया रंगाच्या चंदेरीच्या काठावर तो अजून आहे. फिक्या कपड्याजवळ कुपी उघडूच नका. लावायचंच असेल तर गडद लोकरी शालीच्या आतल्या बाजूला लावा. लोकर हा धूर महिनोन्‌महिने धरून ठेवते.

बाळाच्या धुरीत ऊदाचं लाकूड किंवा तेल घालावं का?

नाही. लाकूड नको, तेल नको, आणि खरं म्हणजे धुरीच नको. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांची धुरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली, त्यामागची माया खरी आहे. पण तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांना कुठलाही धूर चांगला नाही, मग तो कितीही सुगंधी असो. घरात दम्याचा माणूस असेल तर बंद खोलीत ऊद जाळू नका. धुराची हौस असेल तर खिडक्या उघडून, बाळ-बाळंतीण दुसऱ्या खोलीत असताना.

कुपी कशी ठेवावी? धूर कालांतरानं उडून जातो का?

काचेची गडद कुपी, काचेचंच बूच, लाकडी डबीत, उन्हापासून दूर. प्लास्टिक नको. रबरी फुग्याचा ड्रॉपर कुपीवर कायमचा लावून ठेवू नका. तेलानं रबर विरघळायला लागतं आणि मग तुम्हाला जो ‘धूर’ येतो तो रबराचा असतो. माझ्याकडे दोन कुप्या अशाच बिघडल्या.

भट्टीचा करपट धूर वर्ष-दोन वर्षांत बराच मऊ होतो. राळेचा धूर टिकतो, उलट गोठा आणि आंबूसपणा खाली बसल्यावर तो जास्त स्पष्ट होतो. म्हणून नवं तेल आवडलं नाही तर कुपीवर तारीख लिहून विसरून जा.

घेताना कायद्याचं काही बघावं लागतं का?

रानातली अगरूची झाडं तोडून तोडून फार कमी उरली आहेत. अ‍ॅक्विलॅरिया मॅलाकेन्सिस १९९५ पासून साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २००४ च्या परिषदेत अ‍ॅक्विलॅरियाचे सगळेच प्रकार त्यात घेतले गेले. देशाबाहेर लाकूड किंवा तेल नेताना-आणताना त्याची कागदपत्रं लागू शकतात, तेव्हा दुबईहून येणाऱ्या दिराला ‘येताना किलोभर लाकूड आण’ असं सांगण्याआधी नियम नीट पाहून घ्या. आणि विकत घेताना ‘जंगली’ या शब्दावर भाळू नका. लावलेल्या बागेतल्या झाडाचं तेल आता उत्तम मिळतं आणि ते घेताना मन खात नाही.

पहिल्यांदाच घेतेय. धूर हवा, पण घाबरवणारा नको. काय घेऊ?

एका तेलावर पैसे लावू नका. तीन नमुने मागा, प्रत्येकी दोन-तीन थेंबांचे : एक आसामी, एक कंबोडी धाटणीचं, आणि एक कनौजचा शमामा. चांगला अत्तरवाला नमुन्याचे पैसे घेईल पण देईल. तिघांच्या पट्ट्या एकाच दिवशी करा, वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, मागे पेन्सिलीनं नाव लिहा आणि पट्टी उलटी ठेवा म्हणजे नाव दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिच्याकडे पाय आपोआप वळतील ती उलटी करून पाहा. माझी पहिली पट्टी शमामाची निघाली होती. आसामी तेलापर्यंत पोचायला मला आणखी चार वर्षं लागली.